नाल्यापलीकडचं ऊन

ये पोरी, इकडे जवळ ये. कागदावर लिहिते आहे म्हणून काय झालं, मी बोलतेच आहे असं समज आणि कान इकडे कर. पण आधी तुला थोडं बोलून घेते. दोन वर्षं झाली, नाशिकहून इकडे फिरकली नाहीस. फोन करतेस, तर पहिलं काय विचारतेस? "मावशी, तिकडे ऊन कसंय?" मी काय वेधशाळा आहे का? आणि परवा तर कहरच केलास. म्हणालीस, "तू आणि आई आता एकत्र बिबडे-पापड का नाही करत? आईला विचारलं तर म्हणते, तुझ्या मावशीला विचार." मी फोनवर म्हटलं, आवाज येत नाही गं. आवाज स्वच्छ येत होता. उत्तर येत नव्हतं.

ते उत्तर आता लिहिते. मला तुझ्या आईचा हेवा वाटत होता. वाटत होता काय, वाटतो. आणि तो तिच्या साड्यांचा नाही, सुनांचा नाही, नव्या घराचाही नाही. मला तिच्या उन्हाचा हेवा वाटतो. हसू नकोस, सगळं ऐक.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, दिल्या शेजारशेजारच्या गावांत. दोन्ही गावं शहाद्याकडची, दोन्हीकडे केळी आणि पपई, मध्ये एक नाला. नाल्याला पाणी असलं तर गुडघाभर, एरवी दगड. मी आमच्या घराच्या मातीच्या छतावर, धाब्यावर उभी राहिले की तुझ्या आईच्या गच्चीवरची काळी टाकी दिसते. लग्न झालं तेव्हा आमच्या आईला केवढा आनंद. म्हणायची, दोघींच्या चुली एकमेकींना दिसतील.

हेवा आमच्यात लहानपणापासून होता, पण तो घरातला होता, दात नसलेला. ती धाकटी. तिला शाळेत घातलं आणि मला तिला सांभाळायला घरी ठेवलं. ती ओट्यावर पुस्तक मांडीवर घेऊन वाचायची आणि मी समोर बसून धान्य निवडायची. मी अक्षरं अशी शिकले, समोरून, उलटी. पहिला धडा मला उलटाच वाचता यायचा. पुढे पुस्तक सुलट धरल्यावर दोन दिवस गोंधळले होते. तुझी आई अजून सगळ्यांना ही गोष्ट सांगते आणि हसते. मीही हसायची.

दर वर्षी फाल्गुनात बिबडे एकत्र. एक वर्ष तिच्या गच्चीवर, एक वर्ष माझ्या धाब्यावर. ज्वारी तिची, तीळ-लसूण-मिरची माझी. भिजवायची, आंबवायची, भरडायची, मग मोठ्या पातेल्यात शिजवायची. ढवळताना हात भरून आले की ती म्हणायची, "अक्का, सर, आते मी." शिजलेला गरम घाटा तेल टाकून आधी पोरांना, म्हणजे तुम्हाला. मग ओल्या धोतरावर एकेक बिबडा थापायचा आणि खाटेवर उन्हात. तुला आठवत असेल, तू कडेचे मोडके बिबडे पळवायचीस. ते उन्हाचं काम. उन्हाने आमच्याशी कधी दगा केला नव्हता. आपल्या वेळेला यायचं, आपल्या वेळेला जायचं.

आता ते राहिलं नाही. होळीच्या आधीच चैत्रासारखं तापतं. चैत्रात आभाळ फाटतं आणि गारा पडतात. मोलगीकडच्या बाया कामाला येतात त्या सांगतात, डोंगरात मोहाची फुलंसुद्धा कधीही गळतात, टोपली घेऊन जावं तर झाडाखाली काहीच नाही. केळीचं तर विचारूच नकोस. केळीला ऊन चालतं, पण वैशाखातल्या झळा लागोपाठ राहिल्या की पान कडेने कागदासारखं जळतं आणि नुकता निसवून बाहेर आलेला घड अर्ध्यातच सटकतो. खोड उभं राहतं आणि घड जमिनीवर. बघवत नाही.

म्हणून सरकारने हवामानाचा विमा आणला. चांगली गोष्ट केली, मी नाही म्हणत नाही. त्यात शेतात कोणी बघायला येत नाही. गावांचे गट केलेत, त्याला मंडळ म्हणतात. प्रत्येक मंडळात एक यंत्र. त्या यंत्राने सांगितलं की ऊन ठरलेल्या आकड्याच्या वर ठरलेले दिवस सलग राहिलं, की त्या मंडळातल्या सगळ्या केळीवाल्यांना भरपाई. नाही सांगितलं तर नाही. तुझी केळी जळो नाहीतर राहो. नाल्याच्या अलीकडे आमचं मंडळ, पलीकडे तुझ्या आईचं.

आमच्या मंडळाचं यंत्र आमच्याच गावात बसलं, आणि तेही माझ्या ओट्यासमोर, पंचायतीच्या मोकळ्या जागेत. उंच खांब, त्याला पांढऱ्या ताटल्यांची उतरंड, वर फिरणाऱ्या वाट्या, आणि सभोवती तारेचं कुंपण. बसवणारे आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. जाताना त्यांच्यातला एक जण म्हणाला, "आजी, तुम्ही समोरच राहता, जरा लक्ष ठेवा. ढोरं आत जाऊ देऊ नका." झालं, मी ती माझी नोकरी समजले. रोज सकाळी ओटा झाडला की यंत्राभोवतीही झाडायची. पोरं चेंडू घेऊन आली की ओरडायची. वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या थांबल्या की माझा जीव खालीवर व्हायचा.

आणि तुला माहीत आहे, रिकामी तार दिसली की आपल्याकडच्या बाईचा हात शिवशिवतो. तारेवर काहीतरी चढवल्याशिवाय राहवत नाही. वाल म्हण, दोडका म्हण. समोरच्या नळाचं सांडपाणी त्याच बाजूने वाहून जायचं, वाया. मी माघात कुंपणाच्या बुडाशी गिलक्याच्या चार बिया टोचल्या आणि पाण्याची सरी तिकडे वळवली. असा वेल आला म्हणून सांगू, एका बाजूची तार दिसेना, आणि एक शेंडा तर थेट खांबावर चढला. खाली गार, हिरवं, ओलं. कोंबड्या दुपारी तिथेच बसायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, मावशी, तुम्ही तर सरकारी जागेचा मळा केला. मला बरं वाटायचं. पहिली टोपली मी तुझ्या आईकडेच पाठवली होती. तिने निरोप दिला, असे कोवळे गिलके बाजारातही मिळत नाहीत.

त्याच वर्षी ते ऊन पडलं. दोन वर्षांपूर्वीचं. तू इकडे नव्हतीस, आणि त्यानंतर आलीच नाहीस. दुपारी ओट्यावर पाय टेकवत नव्हता. तुझा दादा, माझा लेक, बागेतून यायचा, हातपाय धुऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. सून म्हणाली, "आत्याबाई, आज पुन्हा घड पडले." तुझ्या आईकडेही तेच. मी नाला ओलांडून गेले तर ती बांधावर डोक्याला हात लावून बसलेली. त्या दिवशी आम्ही दोघी एकसारख्या होतो. दोघींनी एकाच तांब्यातून पाणी प्यायलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यानंतर आम्ही तशा बसलो नाही.

महिन्याभराने बातमी आली. नाल्यापलीकडच्या मंडळात ऊन पुरेसं भरलं. आमच्या मंडळात एक दिवस कमी पडला. सलग चाललेलं ऊन मधल्या एका दिवशी आकड्याच्या जरासं खाली उतरलं आणि सगळी माळ तुटली. एक दिवस. मी तो दिवस आठवून पाहिला, कितीदा पाहिला, मला त्यात कुठे गारवा सापडला नाही.

तुझी आई पेढे घेऊन आली. तिच्या मनात काही नव्हतं, ती आनंद झाला की वाटायलाच निघते. चहा पिताना म्हणाली, "अक्का, तुम्हना गावले ते ऊन बी पुरनं नही." आणि हसली. तिची ती नेहमीची थट्टा. उलट्या धड्यासारखीच. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "तुले लहानपनपासून समदं मन्हंच मिळेल शे. शाळा बी आनि ऊन बी."

तिने पेढ्याचा डबा झाकला, पुन्हा उघडला. मग म्हणाली, "अक्का, मन्हावर राग धरेल शे का?"

"राग कसाना? घरमा काम भू शे," मी म्हटलं आणि उठले. काम काहीच नव्हतं.

आणि मग पोरी, मला सगळं दिसायला लागलं. एकदा नजर लागली की ती थांबत नाही. त्यांच्याकडे त्या भरपाईतून बागेला सावलीची जाळी आली, नवी रोपं आली, ठिबक बदललं. आमच्याकडे तुझ्या दादाने निम्मी बाग मोडली आणि हरभरा टाकला. हरभऱ्याला कितीसे हात लागतात? मोलगीकडून येणारी मजुरांची जीप आधी आमच्या पारावर थांबायची, बाया उतरायच्या, माझ्या ओट्यावर पाणी प्यायच्या, डोंगरातल्या गोष्टी सांगायच्या. ती जीप आता हॉर्न वाजवून सरळ पुढे जायला लागली, नाल्यापलीकडे. तिच्यामागून भजीवाला गेला. वेल्डिंगवाल्याने दुकान तिकडे हलवलं. आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याने दुपारची गिरणी बंद ठेवली, म्हणे दळण नाही. एवढंच काय, गावात मुली बघायला येणारे पाहुणेसुद्धा विचारायला लागले, गाव अलीकडचं की पलीकडचं? ऊन तेच, माती तीच, आणि मधल्या नाल्याने एका गावाला वर नेलं, एकाला खाली आणलं. मी धाब्यावर उभी राहून ती काळी टाकी बघायची. एकदा तिच्या शेजारी दुसरी टाकी दिसली. त्या दिवशी मी जेवले नाही. सुनेला म्हटलं, पोट बिघडलंय.

मी तिच्याकडे जायची बंद झाले. प्रकाशा गावी देवदर्शनाला गेलो तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर ती दिसली, तर मी पदर ओढून वर निघाले. तिने हाक मारली, मी ऐकली, पण वळले नाही. शेजारणीकडे बसून म्हणायची, त्यांचं ऊन सरकारी, आमचं खाजगी. बायका हसायच्या. हसल्या की मला आणखी सुचायचं.

फाल्गुन आला. त्या वर्षी पाळी माझ्या धाब्याची. तिने सुनेच्या हाती निरोप पाठवला, ज्वारी भिजवू का? मी सांगितलं, यंदा आमच्याकडे नको, तब्येत बरी नाही. आणि चार दिवसांनी एकटीनेच घातले. ढवळताना हात भरून आले, "सर, आते मी" म्हणणारं कोणी नव्हतं. सून मदतीला आली तर तिला म्हटलं, तुला नाही जमायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं आणि भर फाल्गुनात पाऊस पडला. खाटेवरचे बिबडे उचलेपर्यंत भिजले. बुरशी आली, सगळे म्हशीपुढे टाकले. पाऊस नाल्यापलीकडेही पडला, पण तिने आदल्या आठवड्यात घातले होते. तिचे वाळले. तिने पत्र्याचा एक डबा भरून पाठवला. मी तो न उघडता कोठीवर ठेवून दिला. तो कितीतरी दिवस तिथेच होता. खालून गेले की दिसायचा.

इकडे गावातली माणसं माझ्या ओट्यावर बसून यंत्राला शिव्या घालायची. ह्यात खोट आहे, आपल्याला मुद्दाम डावललं, अर्ज करू. अर्ज कोण लिहिणार? "मावशीचं अक्षर मोत्यासारखं आहे, आणि त्या समोरच राहतात, त्यांनी रोज बघितलंय." मला काय, लिहिला. पुरा जोर लावून लिहिला. ह्या यंत्राचा आकडा खरा नाही, मी समोर राहते, त्या दिवशी इतकं ऊन होतं की पाय ठेववत नव्हता, नाल्यापलीकडे पडतं तेच ऊन आमच्यावरही पडतं. खाली पहिली सही माझी. तुझ्या आईच्या शिकण्यावर शिकलेलं अक्षर तिच्याच गावाविरुद्ध लिहायला वापरलं. तेव्हा हे मनात आलं नाही. आता येतं.

त्या अर्जामुळे म्हण, नाहीतर त्याचं येणं ठरलेलंच होतं म्हण, एक माणूस यंत्र तपासायला आला. चाळिशीचा, पाठीला पिशवी. दुपारची वेळ, पारावर कोणी नव्हतं. तो कुंपणासमोर कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. मी पाणी घेऊन गेले.

"आजी, हा वेल कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं. तोऱ्यात म्हटलं. "घेऊन जा की थोडे गिलके. घरी भाजी होईल."

त्याने पाणी प्यायलं. मग वेलाखाली हात घातला, जमिनीला लावला, आणि मलाही म्हणाला, "इथे हात लावा. आता तिकडे रस्त्यावर लावा."

लावला. वेलाखाली गार. रस्त्यावर चटका.

"ह्या यंत्राला मोकळी हवा लागते," तो म्हणाला. "जवळ झाडझाडोरा नको, पाणी नको. पानं असली की आसपासची हवा थोडी निवते. मग यंत्र बिचारं तेच सांगतं. त्याला जी हवा लागली ती."

मी विचारलं, "कितीने खाली येतो आकडा?"

"ते असं सांगता नाही यायचं."

"एका दिवसापुरता येईल?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काही कळलं की नाही मला माहीत नाही. "येऊ शकतो, आजी," तो म्हणाला. "आला असेलच असं नाही." आणि पिशवीतून कात्री काढून वेल बुडातून कापला, तारेवरून ओढून काढला, सरी मातीने बुजवली. जाताना मीच त्याला म्हटलं, गिलके ने. तो नाही म्हणाला. वेल मी उकिरड्यावर टाकला. त्यावर तीन गिलके होते. ते मात्र मी काढून घेतले आणि संध्याकाळी भाजी केली. तुझा दादा म्हणाला, आज छान झाली आहे. मी माझी वाटी सुनेपुढे सरकवली.

संध्याकाळी माणसं जमली. यंत्राभोवतीचं मोकळं बघून एकजण म्हणाला, "मावशी, तुमचा मळा गेला वाटतं." मी म्हटलं, किडला होता. दुसरा म्हणाला, "अर्जाचं काय झालं?" मी म्हटलं, मला काय माहीत. हे मी, जिच्या हाताने अर्ज लिहिला ती.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तुझ्या दादालाही नाही. तू पहिली. चार बियांनी सगळ्या मंडळाचं ऊन मोजण्यातून उतरवलं असेल, किंवा नसेलही. हे "नसेलही" मी रोज धरून बसते आणि ते रोज हातातून सुटतं. जीप थांबत नाही, त्यात माझा हात आहे की नाही? गिरणी दुपारची बंद आहे, त्यात आहे की नाही? यंत्राला झाडून-पुसून जपलं ते मीच, आणि आंधळं केलं असेल तर तेही मीच. सरकार शहाणं की खुळं ते मोठ्या लोकांनी ठरवावं, पण एवढ्या गावांचं दाणापाणी एका खांबावर टांगायचं, तर खांबाशेजारच्या म्हातारीला निदान सांगायचं तरी, बाई, इथे वेल लावू नको. मला फक्त ढोरांचं सांगितलं होतं.

तुला वाटेल, आता तरी हेवा गेला असेल. नाही गेला पोरी, खोटं का लिहू? उलट वाढला. आधी वाटायचं तिला नशिबाने मिळालं. आता वाटतं तिला सगळं मिळालं आणि वर तिचं मन स्वच्छही राहिलं. माझी बाग गेली, आणि दोषही माझ्याच दारात. तिला रात्री झोप लागत असेल, ह्याचाही मला हेवा वाटतो. असं आहे माझं मन, आता ह्या वयात त्याला कुठे धुवायला नेऊ?

परवा मात्र तुझा फोन झाल्यावर मी कोठीवरचा तो डबा खाली काढला. वर्षभर झालं होतं त्याला. झाकण घट्ट बसलेलं. बिबडे आत जसेच्या तसे, एकही तुटलेला नाही, आणि वर एका कागदाच्या पुडीत मोडके वेगळे बांधलेले. त्यावर तुझ्या आईच्या अक्षरात लिहिलेलं, "अक्काले मोडकाच आवडतस." मला? मला कधी आवडले गं मोडके? तुम्हा पोरांना चांगले पुरावेत म्हणून मी मोडके खायची. ती इतकी वर्षं समजत होती मला आवडतात. मी दोन निखाऱ्यावर भाजले आणि उभ्या उभ्या खाल्ले.

मग मी ठरवलं की तिला सांगायचं. आधी बहिणीला, मग पारावर गावाला. गाव मला काय बोलेल ते बोलेल. तो अर्जही मीच लिहिला, तर दुसराही मीच लिहीन, खरा. पण तिला सांगायचं म्हणजे तिच्यासमोर बसावं लागणार, आणि तिने हसून "अक्का, तुनं ऊन तूच खाई टाकं" असं म्हटलं, तर मी पुन्हा उठून जाईन, मला माहीत आहे. आणि ती म्हणणारच.

म्हणून तुला लिहिते. यंदा पाळी माझ्या धाब्याचीच आहे, मागची मी बुडवली ती. ज्वारी मी आणून ठेवली आहे, भिजवलेली नाही. होळीच्या आत ये. आधी तिच्या घरी उतर, तिला तू घेऊन ये, मला नाला ओलांडून यायला लावू नकोस. आम्ही दोघी पातेल्याशी बसू तेव्हा तू मध्ये बस, माझा हात धरून, म्हणजे मला उठता येणार नाही. फार दिवस लावू नकोस गं, आभाळाचा आता भरवसा नाही. लवकर ये.